ओल जाते कोठे?
घरगुती वस्त्रशोषक यंत्र आणि बाष्पनिर्गमनाचा प्रश्न : एक ऐतिहासिक टिपण

कपडे धुण्याच्या कामातील क्रियापदे पाहिली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. भिजविणे, चोळणे, आपटणे, खळबळणे, पिळणे, झटकणे ही सर्व क्रियापदे सकर्मक असून त्यांमागे राबणारा हात उघड दिसतो. त्यानंतरची क्रिया मात्र अकर्मक होते. कपडे ‘वाळतात’. माणूस करतो ते एवढेच की तो कपडे ‘वाळत घालतो’. पुढचे काम ऊन आणि वारा यांचे. ‘वाळविणे’ हे प्रयोजक रूप भाषेत आहे खरे, पण त्याचा ओढा पापड, कुरडया, धान्य यांच्याकडे अधिक. अंगणातल्या पापडांना ‘वाळवण’ म्हणतात, दोरीवरच्या धोतराला कोणी म्हणत नाही. भाषेने येथे कर्ता सोडून दिला आहे, आणि त्याबरोबरच कपड्यातून निघून गेलेल्या पाण्याचे पुढे काय झाले हा प्रश्नही सोडून दिला आहे. सांडपाण्यासाठी मोरी आहे, धुरासाठी धुराडे आहे. वाळत्या कपड्याच्या वाफेसाठी असा घरगुती शब्द नाही. उघड्यावर वाळणाऱ्या समाजाला त्याची गरजही नव्हती.

हे काम ज्या दिवशी अंगणातून उचलून घराच्या चार भिंतींत आणले गेले, त्या दिवसापासून हा सुटलेला प्रश्न पुढे उभा राहिला. युरोप-अमेरिकेतील घरगुती वस्त्रशोषक यंत्राचा इतिहास सामान्यतः उष्णतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो : आधी चूल, मग तेलाची शेगडी, मग वायू, मग वीज. ही मांडणी अपुरी आहे. उष्णता मिळविणे हा यंत्रकर्त्यांच्या दृष्टीने तुलनेने सोपा भाग होता. अवघड भाग होता तो निघालेल्या ओलीला वाट देण्याचा, आणि त्या यंत्राचे जवळजवळ प्रत्येक नवे रूप म्हणजे या वाटेसंबंधी केलेली एक नवी तडजोड होय, असे दिसून येते.

प्रश्नाचे परिमाण आधी लक्षात घेणे इष्ट होईल. कोरड्या स्थितीत ४ किलो भरणारे सुती कपडे यंत्राने जोरात पिळून काढले तरी त्यांत साधारणतः दोन लिटरांहून काहीसे अधिक पाणी उरते. पिळण्याने जाण्यासारखे पाणी गेलेले असते. उरलेले तंतूंनी धरून ठेवलेले असते व ते वाफेच्या रूपानेच बाहेर पडू शकते. दोन लिटर पाण्याची वाफ करावयास किमान सव्वा ते दीड युनिट वीज लागेल. हा झाला खर्चाचा भाग. आता ही वाफ ठेवावयाची कोठे ते पाहू. २० अंश सेल्सियस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. म्हणजे पूर्ण संपृक्त झाली तरी त्या खोलीत ६०० ग्रॅमपेक्षा कमी बाष्प राहील. त्यातले निम्मे आधीच भरलेले आहे असे धरले, तर नव्याने मावण्याजोगे बाष्प ३०० ग्रॅमच्या आतबाहेर उरते. एका धुण्याची ओल मावण्यासाठी अशा सात खोल्या हव्यात. दारे-खिडक्या बंद असलेल्या थंड देशातील घरात ही ओल शेवटी जेथे सर्वांत गार पृष्ठभाग सापडेल तेथे, म्हणजे खिडकीच्या काचेवर, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटाच्या पाठीमागे, जाऊन बसते आणि तेथे बुरशी धरते.

ही गोष्ट यंत्र निघण्याच्या कितीतरी आधी स्पष्ट शब्दांत मांडली गेली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ साली निघालेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकातील वायुवीजनाच्या विवेचनात त्यांनी बजावले आहे की रुग्णाच्या खोलीत वाळणाऱ्या दमट पंचांची ओल नाहीशी होत नाही, ती रुग्णाच्याच हवेत जाते. म्हणून त्या खोलीत काहीही वाळत घालू नये. ही बाब उघड असूनही परिचारिकांच्या आचरणात तिचा मागमूस दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. पुढील शंभर वर्षांच्या यंत्रेतिहासावर टीका म्हणून हा परिच्छेद वाचला तरी तो चपखल बसतो.

त्या काळी या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर घराबाहेर, सार्वजनिक संस्थेत सापडले होते. १८३२ साली लिव्हरपूलमध्ये पटकीची साथ आली तेव्हा किटी विल्किन्सन या श्रमजीवी स्त्रीने आपल्या घरातील पाणी तापविण्याचे मोठे भांडे शेजाऱ्यांना कपडे धुण्यासाठी खुले केले. त्या उदाहरणातून प्रेरणा घेऊन १८४२ साली त्या शहराच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक धुलाईगृह निघाले, आणि १८४६ साली ब्रिटिश पार्लमेंटने सार्वजनिक स्नानगृहे व धुलाईगृहे यांचा कायदा केला. पुढे अशा धुलाईगृहांतून भिंतीत बसविलेली तापती कपाटे आली. उंच, अरुंद, रुळांवर सरकणाऱ्या चौकटी बाहेर ओढावयाच्या, त्यांवर कपडे पसरावयाचे आणि पुन्हा आत ढकलावयाच्या. या चौकटींना इंग्रजीत ‘घोडे’ म्हणत. ग्लासगोच्या गरीब वस्त्यांतील स्त्रियांच्या पिढ्यांनी ‘स्टीमी’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा गृहांत आपले धुणे वाळविले. नावातच वाफ आहे; पण ती वाफ संस्थेची होती, कुटुंबाच्या निजण्याच्या खोलीतील नव्हती. ओल बाहेर टाकण्याची जबाबदारी इमारतीने उचललेली होती. हे धुलाईगृह मागे पडून धुणे खाजगी घरात शिरले तेव्हा उष्णता बरोबर आली, जबाबदारी मात्र बरोबर आली नाही.

याचा उत्तम नमुना म्हणजे जॉर्ज टी. सॅम्पसन या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकाचे ७ जून १८९२ चे पेटंट. ओहायओ राज्यातील डेटन येथील या गृहस्थांनी चुलीच्या सान्निध्यात कपडे टांगता यावेत व काम संपताच चौकटी बाजूला करता याव्यात अशी रचना सुचविली. कल्पना सुटसुटीत आहे. चुलीची उष्णता फुकट मिळते, जागा अडत नाही. वाफ मात्र स्वयंपाकघरातच राहते. त्यात नवल काहीच नाही. पूर्व आशियात धुपाटण्यावर किंवा शेगडीवर बांबूचा पिंजरा उपडा घालून त्यावर वस्त्रे पसरण्याची चाल प्राचीन आहे, आणि आपल्याकडेही पावसाळ्यात बाळाची दुपटी शेगडीवर पालथ्या घातलेल्या टोपलीवर सुकविली जातच असत. सॅम्पसन यांची चौकट याच कुळातली. ज्या घराच्या फटींतून वारा खेळतो त्या घरात या पद्धतीने फारसे बिघडत नाही.

फिरत्या पिंपाच्या यंत्राची जन्मकथा अधिक उद्बोधक आहे. नॉर्थ डकोटा राज्यात हिवाळ्यात दोरीवर घातलेले कपडे गोठून फळीसारखे ताठ होतात. तेथील जे. रॉस मूर यांनी या त्रासातून सुटका व्हावी म्हणून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात घराशेजारी एक पडवी उभारली, तिच्यात शेगडी मांडली व आत दोऱ्या बांधल्या, अशी हकीकत सांगितली जाते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की ती पडवी घरापासून वेगळी होती. ओल निघाली तरी ती पडवीत, घरात नव्हे. मूर यांनी पुढे या पडवीचे आकुंचन करीत करीत ती एका फिरत्या पिंपात आणली. पिंप घरात गेले, आणि पडवीमुळे आपोआप सुटलेला प्रश्न पुन्हा जिवंत झाला.

मूर यांना उत्पादक मिळाला तो विस्कॉन्सिन राज्यातील टू रिव्हर्स गावी. हॅमिल्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनी हा कारखाना मुळात मुद्रकांसाठी लाकडी टाइप बनविणारा होता. १८८० साली जे. ई. हॅमिल्टन यांनी सुरू केलेल्या या व्यवसायाने अमेरिकेतील जाहिरातपत्रकांची मोठमोठी अक्षरे पुरविली, आणि आज त्या गावी लाकडी टाइपाचे संग्रहालय आहे. अक्षरांचा इतिहास आणि ओल्या कपड्यांचा इतिहास एकाच छपराखाली यावा हा योगायोग भाषेच्या अभ्यासकाला मौजेचा वाटेल. १९३८ साली या कंपनीने ‘जून डे’ नावाचे यंत्र बाजारात आणले. नावात जून महिन्याचा लख्ख, कोरडा दिवस आहे. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या गृहिणीला जून महिन्याचे हे गुणवर्णन ऐकून हसू आले असते. पण विस्कॉन्सिनमधील जून तो जून.

या यंत्राच्या घडणीत मिलवॉकी येथील रचनाकार ब्रुक्स स्टीव्हन्स यांचा वाटा प्रसिद्ध आहे. आलेले यंत्र म्हणजे नुसती एक बंद पेटी होती. असल्या पेटीत काय चालले आहे हे गिऱ्हाइकाला कळणार नाही, म्हणून तिच्या दाराला काच बसवा आणि दुकानात रंगीबेरंगी कपडे आत घालून ती चालू ठेवा, असे त्यांनी सुचविले. सूचना अचूक ठरली. काचेच्या दारामागे गरगरणारे कपडे हे त्या यंत्राचे रूपच होऊन बसले. पण काच जे दाखविते त्याकडेच लक्ष वेधते. कपडे दिसू लागले. त्यांतून निघणारी ओल अदृश्यच राहिली. यंत्राच्या पाठीमागे काय होते हे दुकानाच्या मांडणीत कोणाला दिसण्याचे कारण नव्हते. पुढच्या तीस वर्षांतील पुष्कळशा अडचणींची मुळे या पुढच्या बाजूवरील लक्षात आणि मागच्या बाजूवरील दुर्लक्षात आहेत, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही.

महायुद्धानंतर अमेरिकेत घरबांधणीची लाट आली आणि तीबरोबर हे यंत्र पसरले. वीजपुरवठा व विद्युत्‌साधने यांच्या व्यवसायाने १९५६ पासून घरोघरी विजेचा वापर वाढविण्याची जी देशव्यापी मोहीम चालविली, तिच्यात वस्त्रशोषक यंत्राला मानाचे स्थान होते. या काळात विजेच्या यंत्रांना बाहेर जाणारा नळ जोडणे ही बहुधा ऐच्छिक बाब मानली जाई. तळघर मोठे असले तर गरम दमट हवा तेथेच सोडून दिली जात असे. काही उत्पादकांनी गार पाण्याच्या साह्याने वाफेचे आतल्या आत सांद्रीभवन करून ते पाणी मोरीत सोडण्याची योजना केली; धुणे व वाळविणे एकाच पिंपात उरकणाऱ्या त्या दशकातील जोडयंत्रांतही हीच युक्ती होती. पण तिच्यात पाणी फार खर्ची पडे. नळातून हवा बाहेर फेकणे हाच स्वस्त मार्ग ठरला आणि चार इंची नळ हे अमेरिकन घराचे एक अंग बनले.

येथपर्यंतचा वृत्तांत त्रोटकपणे सांगून चालण्यासारखा आहे. नळाचा इतिहास मात्र तपशिलाने पाहिला पाहिजे. यंत्रातून ओलीबरोबर आणखी एक वस्तू बाहेर पडते, ती म्हणजे कपड्यातून झडणाऱ्या तंतूंचा भुगा. गाळणीत त्यातला बराचसा अडकतो, उरलेला हवेबरोबर नळात जातो. नळ आखूड, सरळ व आतून गुळगुळीत असला तर तो बाहेर उडून जातो. पण नळ लांबला, त्याला वाकणे पडली, की हवेचा वेग मंदावतो व भुगा ठिकठिकाणी बसू लागतो. बसलेला भुगा वाट अरुंद करतो, वाट अरुंद झाली की वेग आणखी घटतो. त्यात नळ जर गारठलेल्या माळ्यावरून किंवा न तापविलेल्या पोकळीतून गेलेला असेल, तर आतल्या दमट हवेचे पाणी होऊन ते नळाच्या खोलगट भागात साचते आणि भुग्याचा लगदा होतो. कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या झडपेवरच बर्फ धरून ती मिटून जाते. गृहिणीला या साऱ्याची खूण एकच दिसते : कपडे पूर्वी पाऊण तासात वाळत, ते आता दोन तास घेतात. ती यंत्राला दोष देते, क्वचित नवे यंत्रही आणते. आणि नवे यंत्र त्याच तुंबलेल्या नळाला जोडले जाते.

वाट तुंबली की उष्णतेचे गणितही बदलते. ओली हवा बाहेर गेली नाही म्हणजे पिंपातील उष्णताही बाहेर जात नाही. तापमाननियंत्रक सारखा चालू-बंद होत राहतो, आणि तो निकामी झाला तर कोरडा भुगा व तापलेली तार समोरासमोर येतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांसंबंधी दिलेल्या अंदाजानुसार निवासी इमारतींत या यंत्रांपासून दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागत. त्यांत वर्षाला सरासरी ५ मृत्यू, १०० जखमी व साडेतीन कोटी डॉलरची हानी होई. कारणांत सर्वांत वरचे स्थान यंत्र साफ न ठेवण्याचे होते व त्याचा वाटा ३४ टक्के होता. हा आकडा वाचताना थोडे सावध राहावयास हवे. ‘साफ न ठेवणे’ या सदरात दोष घरधन्याकडे जातो. परंतु जो नळ भिंतीच्या आतून, छताच्या पोकळीतून, तीन वाकणे घेऊन गेला आहे आणि ज्याचे दुसरे तोंड छपरावर आहे, तो साफ करणे कोणत्या घरधन्याला शक्य आहे? दोष बांधणाराचा, नोंद वापरणाराच्या नावावर, असा प्रकार येथे घडलेला आहे.

बांधकामाच्या नियमांवरून हीच गोष्ट स्पष्ट होते. अलीकडील अमेरिकन आदर्श संहितेत या नळाची लांबी ३५ फुटांपुरती मर्यादित केली असून प्रत्येक काटकोनी वाकणासाठी त्यातून ५ फूट वजा करावे लागतात. यंत्र बनविणाऱ्याच्या सूचनांत वेगळी मर्यादा दिली असल्यास ती चालते. नळाचे जोड आतल्या बाजूस टोके येतील अशा स्क्रूंनी घट्ट करू नयेत, कारण त्या टोकांना भुगा अडकतो. बाहेरच्या तोंडाला जाळी बसवू नये, तेही त्याच कारणाने. पक्षी व उंदीर यांच्या भीतीने सदिच्छेने बसविलेली जाळीच अनेक घरांत मुख्य अडथळा ठरते. पूर्वी सर्रास वापरली जाणारी प्लॅस्टिकची सुरकुत्यांची लवचिक नळी आता निषिद्ध आहे. प्रत्येक कलमामागे कोणता ना कोणता अपघात उभा आहे हे नियम वाचताना जाणवत राहते. परंतु याच काळात धुण्याची जागा तळघरातून वर सरकून शयनगृहांच्या शेजारी, घराच्या मध्यभागी आली, कारण कपडे तेथेच काढले व तेथेच ठेवले जातात. सोय वाढली, नळही वाढला. संहिता फूट मोजीत राहिली आणि आराखडे नळाला बाहेरच्या भिंतीपासून दूर नेत राहिले.

यात १९७३ च्या तेलसंकटाने भर घातली. इंधन वाचविण्यासाठी घरांच्या फटी बुजविल्या जाऊ लागल्या. नळाचे यंत्र मिनिटाला सुमारे ४ घनमीटर हवा बाहेर फेकते, म्हणजे तासाभरात वर हिशेबास घेतलेल्या सात खोल्यांची हवा. जितकी बाहेर जाते तितकी कोठून तरी आत यावीच लागते. सच्छिद्र घरात ती फटींतून येई. बंदिस्त घरात ती मिळेनाशी झाली की पाणी तापविण्याच्या बंबाच्या धुराड्यातून उलटी ओढली जाण्याचा धोका उत्पन्न होतो, व तीबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो. वाळविणे आणि श्वास घेणे यांचा संबंध नाइटिंगेल यांनी दाखविला होता तो असा दुसऱ्या वाटेने परत आला.

युरोप खंडात परिस्थिती निराळी होती. भाड्याच्या इमारती, जाड भिंती, आणि भिंतीला भोक पाडण्यास घरमालकाची नापसंती, यामुळे नळाचे यंत्र तेथे सर्वत्र रुजले नाही. जर्मन भाषेतील नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. नळाच्या यंत्राला त्या भाषेत ‘आबलुफ्टट्रॉकनर’ म्हणजे ‘बाहेर-जाणाऱ्या-हवेचे शोषक’ म्हणतात, व ज्यात वाफेचे पाणी होते त्याला ‘कोंडेन्सट्रॉकनर’. ओल कोणत्या वाटेने जाते हे यंत्राच्या नावातच सांगितलेले आहे. अमेरिकन व्यवहारात ‘ड्रायर’ एवढाच शब्द पुरतो. नळ गृहीत धरलेला असतो, आणि गृहीत धरलेल्या गोष्टी साफ केल्या जात नाहीत. ज्या इंग्रजी शब्दाने हा नळ ओळखला जातो तो ‘व्हेंट’ हा शब्द लॅटिन ‘व्हेंतुस’ म्हणजे वारा याच्याशी निगडित असून संस्कृत ‘वात’ त्याच धातुकुळातला आहे. शब्दाच्या मुळाशी वारा आहे. व्यवहारात त्याचा अर्थ भिंतीतले भोक एवढाच उरला.

सांद्रीभवनाच्या यंत्रात खोलीतील हवेने आतली दमट हवा गार केली जाते व पाणी एका खणात साचते. तो खण ओतून रिकामा करावयाचा असतो, म्हणजे ओल प्रथमच डोळ्यांना दिसते व हाताने उचलता येते. ही मोठीच सुधारणा होय; पण तिच्या मर्यादेविषयी विक्रेते फारसे बोलत नाहीत. युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमांनी १ नोव्हेंबर २०१५ पासून अशा यंत्रांची सांद्रीभवन-क्षमता किमान ७० टक्के असावी असे ठरविले. याचा दुसरा अर्थ असा की ३० टक्क्यांपर्यंत बाष्प खोलीत निसटले तरी यंत्र नियमात बसत होते. दोन लिटरांच्या हिशेबाने हे ६०० ग्रॅम होतात, म्हणजे अशा दोन खोल्यांना पुरून उरेल इतकी ओल. ‘नळाविना’ या शब्दाचा अर्थ ‘ओलीविना’ असा नव्हे.

उष्णता-पंपाच्या यंत्राने आर्थिक बाजू पालटली. वाफेचे पाणी होताना जी अप्रकट उष्णता मोकळी होते ती बाहेर टाकून न देता तीच पुन्हा पिंपात जाणाऱ्या हवेला द्यावयाची, हे त्याचे तत्त्व. त्यामुळे वीज सुमारे निम्मी किंवा त्याहूनही कमी लागते. स्वित्झर्लंडने २०१२ पासून याच जातीच्या यंत्रांना बाजार मोकळा ठेवला, आणि युरोपीय संघाच्या नव्या नियमांनी १ जुलै २०२५ पासून व्यवहारतः हाच दंडक लावला. अमेरिकेत मात्र नळाचे यंत्र अद्याप प्रबळ आहे. घर एकदा नळाभोवती बांधले गेले की यंत्र बदलणे कठीण होते.

या इतिहासाला ज्यांच्याकडे यंत्रच नाही अशा लोकांची एक बाजू आहे, आणि रूथ श्वार्ट्‌झ कावन यांनी १९८३ च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात घरगुती यंत्रांनी गृहिणीचे श्रम खरोखर कमी केले काय असा जो प्रश्न विचारला, त्याच्या जोडीला ही बाजू ठेवावी लागते. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमधील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की घरातल्या हवेतील बाष्पाचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग आत वाळत घातलेल्या कपड्यांतून येऊ शकतो. हे तेच शहर, जेथे ‘स्टीमी’ होत्या. त्या गेल्या, गच्चीवर किंवा परसात वाळत घालण्याच्या जागा आक्रसल्या, वीज महागली, आणि कपडे खोल्या तापविणाऱ्या रेडिएटरवर आले. मग भिंतीवर बुरशी दिसली की भाडेकरूच्या राहणीला बोल लावण्याची प्रथा ब्रिटिश घरमालकांत पडली. २०२० च्या डिसेंबरात रॉचडेल येथे बुरशीने भरलेल्या सदनिकेत राहणाऱ्या दोन वर्षांच्या बालकाचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात कपडे वाळविण्याचा मुद्दा प्रमुख नव्हता. पण कुटुंबाच्या राहणीकडे बोट दाखविले गेले होते, आणि २०२२ च्या चौकशीत मृत्यूचे कारण घरातील बुरशीचा दीर्घकाळ संपर्क हेच असल्याचा निष्कर्ष निघाला. २०२३ च्या सामाजिक गृहनिर्माण कायद्याने अशा तक्रारींची ठराविक मुदतीत दखल घेण्याचे बंधन घरमालक संस्थांवर घातले. ओल कोठे जाते याबरोबर तिचा दोष कोणाकडे जातो हाही प्रश्न आहे, आणि अमेरिकेतील आगींच्या नोंदींत जे घडले तेच येथे भिंतींच्या बाबतीत घडले.

उलट दिशेचा एक विनोदी वाटणारा अध्याय येथेच नोंदवावा. अमेरिकेतील अनेक गृहरचना-संघांनी अंगणात दोरी बांधण्यास बंदी केली, कारण वाळत घातलेले कपडे गरिबीची खूण मानले गेले. तेव्हा दोरीचे रक्षण करण्यासाठी कायदे करावे लागले. फ्लॉरिडा राज्याने १९८० साली सूर्यशक्तीच्या साधनांबरोबर कपड्यांच्या दोरीलाही संरक्षण दिले. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने २००८ साली अशा बंद्या उठविल्या.

महाराष्ट्रात हे यंत्र तुरळक घरांत पोचले आहे. शब्द मात्र घरोघर पोचला आहे, आणि तो वेगळ्याच अर्थाने. दोन पिंपांच्या धुलाईयंत्रातील जे दुसरे पिंप कपडे गरगर फिरवून त्यांतले पाणी काढते त्याला मराठी घरांत ‘ड्रायर’ म्हणतात. वस्तुतः ते पिळणारे पिंप आहे. ‘ड्रायरमधून काढले, आता वाळत घाल’ हे वाक्य मुंबई-पुण्याच्या घरांत नित्य ऐकू येते, व त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. ‘सुकणे’ हे संस्कृत ‘शुष्क’ व प्राकृत ‘सुक्क’ यांतून आले, ‘ओला’ हा ‘आर्द्र’ व प्राकृत ‘ओल्ल’ यांतून. या दोहोंच्या मधल्या अवस्थांसाठी मराठीत निथळ, ओलसर, दमट, सर्द असे शब्द आहेत, आणि उसना ‘ड्रायर’ त्यांतल्या पहिल्या पायरीपाशीच थांबला आहे. जुलै महिन्यात मुंबईची हवा ३० अंश तापमान व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता अशी असली, तर एका घनमीटरात आणखी जेमतेम साडेचार ग्रॅम बाष्प मावते. वर सांगितलेल्या बारा फुटी खोलीत ते दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते. ‘ड्रायर’ने काढलेले पाणी रबरी नळीने डोळ्यांदेखत मोरीत जाते, कपड्यात उरलेले दोन लिटर पंख्याखालच्या दोरीवर रात्रभर टांगलेले असते.